रेन ट्रीवरचं घरटं : कोथरूडच्या एका बागेतल्या नोंदी

१८ एप्रिल

विणीच्या नोंदवहीत आज पहिल्यांदाच पक्ष्याच्या नावाचा रकाना कोरा ठेवला.

जागा : हास्यसंघाच्या कट्ट्यामागचा जुना रेन ट्री. मुख्य खोड जिथे तीन फांद्यांत फुटतं त्या बेचक्यात, इमारतीच्या तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर काटक्यांचं घरटं आहे. नवी पालवी आल्यापासून ते पानांआड गेलं होतं. सकाळी माळीमामांनी हाक मारली, "ताई, वर कापसाचे बोळे हलतायत बघा." दुर्बीण लावली. घरट्याच्या काठावर पांढऱ्याशुभ्र लवीची दोन डोकी होती. थोड्या वेळाने तिसरं वर आलं, जरा लहान. डोळे उघडे, काळसर. चोच पानांमुळे नीट दिसली नाही. आम्ही खाली उभे होतो तोवर मोठा पक्षी एकही आला नाही.

फोटो काढला, पण त्यात पांढऱ्या ठिपक्यांपलीकडे काही नाही. उद्यापासून झाडाखाली थांबायचं नाही, पायवाटेपलीकडच्या बकुळीखालच्या बाकावरून पाहायचं. तिथून घरटं तिरकं दिसतं, आणि त्या बाकावर रोज कुणी ना कुणी बसलेलं असतंच, त्यामुळे पक्ष्यांना आपलं नवल वाटणार नाही.

१९ एप्रिल

पक्ष्यांच्या पुस्तकांत चित्रं असतात ती बहुतेक वाढलेल्या पक्ष्यांची. घरट्यातल्या पिल्लाला ना धड रंग ना शेपटी, मग चित्राशी जुळवायचं काय? म्हणून आज उलटीकडून सुरुवात केली. ही पिल्लं कुणाची नाहीत, ते आधी लिहून काढलं.

पांढरी दाट लव हाच सगळ्यात मोठा पुरावा. साळुंकी, बुलबुल, सातभाई, कावळा यांची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती जवळपास उघडी आणि डोळे मिटलेली. कावळ्याच्या पिल्लाची कातडी आधी गुलाबी, मग काळपट होते आणि तिच्यातून थेट पिसांच्या काळ्या नळ्या डोकावतात. पांढऱ्या लवीची पायरी त्यांच्यात नाहीच. पारव्याच्या पिल्लाला विरळ पिवळट केस असतात. बगळ्यांच्या पिल्लांना लव असते, पण डोक्यावरची विस्कटलेली आणि उभी, आणि चोच लांब. म्हणजे काटक्यांचं उघडं घरटं आणि अंगभर दाट पांढरी लव हे दोन्ही एकत्र आलं की उरतात शिकारी पक्षी.

घुबडांच्या पिल्लांनाही पांढरी लव असते हे खरं. पण पुण्यात वस्तीत सहसा भेटणारी घुबडं दोन, पिंगळा आणि गव्हाणी घुबड. पिंगळा झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात राहतो, गव्हाणी घुबड जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, इमारतींच्या कोनाड्यांत. बेचक्यात काटक्या रचण्याच्या भानगडीत ती पडत नाहीत.

घार? घारीच्या घरट्यात चिंध्या, प्लॅस्टिक, दोऱ्या हमखास असतात आणि काठावरून लोंबतात. इथे तसं काही नाही, आणि घरटं घारीसाठी लहान आहे. घारीच्या पिल्लांची लवही मळकट, तपकिरी छटेची असते.

उरले तीन लहान शिकारी पक्षी : शिक्रा, कापशी, बेसरा. यात आज निवड करायची नाही. मोठा पक्षी दिसल्याशिवाय नाव लिहायचं नाही.

२१ एप्रिल

हास्यसंघातल्या एका आजोबांनी वर पाहून "घुबडाची पिल्लं" म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत ते आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. दोघांनी माळीमामांना बांबूने घरटं पाडायला सांगितलं. लहान मुलं खेळतात तिथे असलं अपशकुनी नको, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याशी बराच वेळ बोलले. ही घुबडं नाहीत हे सांगून विषय मिटला असता, पण तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. घुबडं असती तरी घरटं पाडण्याचं काही कारण नव्हतं. रात्रभर उंदीर वेचणाऱ्या पक्ष्याला आपण अशुभ ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच उंदरांसाठी बिळाबिळांत विष टाकतो. आणि कायद्याचंही सांगितलं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांची किंवा घरट्याची छेडछाड करणं हे शिकारीच्याच व्याख्येत मोडतं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग आम्ही कट्टा बदलू का? आमच्या हसण्याचा त्यांना त्रास होत असेल." पिल्लं उडेपर्यंत संघ कारंज्याकडे जमणार. मला फार बरं वाटलं.

२२ एप्रिल

मोठा पक्षी दिसला. सकाळी साडेसहाच्या सुमारास सिल्व्हर ओकवर बसला होता. पारव्याहून थोडा लहान, पाठ राखाडी, छाती-पोटावर तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे.

बरोबरच्या आठवीतल्या मुलाने लगेच "पावशा" म्हटलं, आणि त्याच्या म्हणण्याला आधार होता. होळीनंतर बागेत "पेरते व्हा, पेरते व्हा" चालू आहे, आणि पावशा दिसायला शिक्र्यासारखाच असतो. इतका, की तो उडत आला की सातभाई आणि बुलबुल शिक्रा आल्यासारखेच घाबरून ओरडतात. शिक्र्याच्या वेशाचा त्याला फायदाच आहे, कारण तो स्वतः घरटं बांधत नाही, अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो.

त्या मुलाच्या हातात दुर्बीण दिली आणि चोच आणि पाय पाहायला सांगितलं. पावशाची चोच जवळपास सरळ, टोकाला किंचित वाकलेली, पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, नखं बारीक, डोळ्याभोवती पिवळं कडं. समोरच्या पक्ष्याची चोच मुळापासून आकड्यासारखी वाकलेली होती. पाय लांब, पिवळे, तीन बोटं पुढे आणि एक मागे. आणि मागच्या बोटाचं नख दुर्बिणीशिवायही कळावं असं. "काका, हा मारणारा आहे," तो शेजारी बसलेल्यांना सांगत सुटला.

कापशीही बाद. तिचं पोट स्वच्छ पांढरं असतं, खांद्यावर काळा डाग असतो आणि तिला टेकडीचं मोकळं गवत लागतं.

२४ एप्रिल

आता नर आणि मादी दोन्ही पाहिले. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असते, इथेही फरक डोळ्यांत भरतो. नराचे डोळे लाल, मादीचे पिवळे. गळ्यावरची मधली रेघ दोघांचीही अगदी पुसट, नीट प्रकाश पडला तरच दिसणारी. बेसऱ्याच्या गळ्यावर ही रेघ ठळक काळी असते, आणि छातीवर आडव्या रेघांबरोबर उभे फराटेही असतात. शिवाय बेसरा सह्याद्रीच्या दाट जंगलातला. नोंदवहीत पेन्सिलीने लिहिलं : शिक्रा.

घरट्यावरचा कारभार पाहण्यासारखा आहे. शिकार नर करतो, पण थेट घरट्यात येत नाही. सोनमोहरावर बसून "टि-टू, टि-टू" अशी दोन सुरांची हाक देतो. मादी उडत जाते, त्याच्याकडून शिकार घेते आणि घरट्यात आणते. पायाखाली धरून इवले इवले तुकडे तोडते आणि एकेका चोचीत ठेवते. पिल्लं झोंबाझोंबी करतात, पण ती आपल्या क्रमाने देते. दुपारी घरट्यावर ऊन येतं तेव्हा काठावर उभी राहून अर्धे पंख पसरते आणि पिल्लं त्या सावलीत सरकतात. आज पारा ४० च्या आसपास होता. तिची चोच उघडी, गळा लपलपत होता, तरी ती हलली नाही.

२५ एप्रिल

दुपारी पक्षी दूर असताना माळीमामांबरोबर झाडाखाली गेले, पाच मिनिटांत परत. खोडाभोवती शिटलेल्या पांढऱ्या रेघा बाहेरच्या बाजूला फेकलेल्या, कारण शिक्र्याची पिल्लं काठाकडे पाठ करून घरट्याबाहेर शिटतात. सरड्याची शेपटी, खारीच्या शेपटीचा गोंडा, साळुंकीची पंखातली पांढऱ्या डागाची पिसं आणि बुलबुलाच्या बुडाखालची लाल पिसं.

एक गोळीही मिळाली. न पचलेलं खाद्य शिकारी पक्षी गोळी करून ओकून टाकतात. हातमोजे घालून ती कागदावर पाण्यात भिजवून सोडवली : करडे केस, बारीक पिसं, टोळाच्या पायाचे करवती तुकडे. हाड नावाला एक किरकोळ कपचा. घुबडाच्या गोळीत उंदराची अख्खी कवटी, जबडे, बरगड्या निघतात, कारण घुबड भक्ष्य सहसा सबंध गिळतं आणि त्याच्या पोटात हाडं विरत नाहीत. शिक्रा तोडून खातो आणि बहुतेक हाडं पचवतो. बागेतल्या ज्यांना अजून घुबडाची शंका होती त्यांना तो कागद दाखवला. दुर्बिणीपेक्षा तो लवकर पटला.

२९ एप्रिल

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची माणसं शिडीची गाडी घेऊन आली. यादीत हा रेन ट्रीही होता, एक फांदी रस्त्यावर झुकली आहे. मुकादमांना दुर्बिणीतून घरटं दाखवलं. ते स्वतः खेड तालुक्यातले, शिक्रा त्यांनी शेतात पाहिलेला. झाडाला खडूने फुली मारून "जूनअखेर" असं लिहून गेले. झुकलेल्या फांदीखाली गाड्या लावू नयेत म्हणून सोसायटीने दोरी बांधली.

कुणीतरी ड्रोन उडवून वरून फोटो घेऊ म्हणालं. नको म्हटलं. मादी ड्रोनवर झडप घालील किंवा घरटं सोडून उडेल, आणि तेवढ्यात कावळे पिल्लं उचलतील. घरट्याची नेमकी जागा आणि फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, हेही सगळ्यांशी बोलून ठरवलं.

१ मे

संध्याकाळी वळीव कोसळला. आधी धुळीचं वादळ, मग गारा. सुट्टीमुळे बाग भरलेली होती, सगळे शेडखाली धावले. पाऊस थांबल्यावर माळीमामांना झाडाखालच्या हिरवळीवर एक पिल्लू दिसलं.

इतक्या जवळून ते पुन्हा दिसणार नाही, म्हणून सगळं लिहून ठेवते. लव भिजून अंगाला चिकटलेली, तिच्याखाली गुलाबी-करडी कातडी. पंखांच्या कडेला निळसर नळ्यांची रांग आणि प्रत्येक नळीच्या टोकाशी उलगडू लागलेला तपकिरी पिसाचा कुंचला. शेपटीला तसेच ठोंब. चोच आखूड, काळपट, आकड्यासारखी, तिच्या मुळाशी पिवळसर मेणासारखी कातडी आणि तिच्यात नाकपुड्या. डोळे करडे आणि रोखलेले. पाय शरीराच्या मानाने फारच मोठे, फिकट पिवळे. टॉवेल टाकला तेव्हा त्याने उताणं होऊन दोन्ही पाय पुढे केले आणि टॉवेलमध्ये नखं रुतवली. थरथरत होतं, पण सोडत नव्हतं.

मुलांनी विचारलं, पाणी पाजू का, दूध देऊ का, पाव भिजवून देऊ का. काहीही द्यायचं नाही. चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं. शिक्र्याला दूध-पाव पचत नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात कोरडं फडकं घालून त्यात ठेवलं, झाकण लावलं आणि अंधार, शांतता दिली. १९२६ या वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर फोन केला. अंधार पडायच्या आत बचाव पथकातली दोन मुलं आली.

त्यांनी पिल्लाचे पंख, पाय, पोट तपासलं. मोडतोड नव्हती. एक जण दोरावरून वर गेला. घरटं एका बाजूला खचलेलं, आत दोन पिल्लं ठीक. तिसऱ्याला त्याच घरट्यात ठेवलं तर ते पुन्हा घसरलं असतं. म्हणून वेताची टोपली, बुडाला पाणी निथळायला भोकं, आत काटक्या आणि सुकी पानं, अशी घरट्याशेजारच्या फांदीला बांधली आणि पिल्लू तिच्यात ठेवलं. खाली काळजी होती की माणसाचा हात लागल्यावर आई त्याला घेईल का. वर चढलेला मुलगा उतरल्यावर म्हणाला, "ताई, हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. त्याने तोंड उघडून ओरडलं की ती येणारच."

२ मे

पहाटे साडेपाचपासून बाकावर होते. मादी आधी खचलेल्या घरट्यात उतरली, दोघांना भरवलं. टोपलीतलं पिल्लू ओरडत होतं. ती काठावरून त्याच्याकडे पाहत राहिली, मान तिरकी करून, बराच वेळ. सव्वासातला नराची हाक आली, ती गेली, काहीतरी घेऊन परतली आणि यावेळी टोपलीच्या काठावर बसली. सरडा होता. पहिला तुकडा टोपलीत गेला तेव्हा बाकावरच्या काकूंनी माझा हात घट्ट धरला.

५ मे

तिघंही व्यवस्थित. लव जाऊन पाठ तपकिरी दिसू लागली.

१० मे

मोठी दोन पिल्लं घरट्याबाहेर फांदीवर. उडता येत नाही, पण पंख फडफडवत या फांदीवरून त्या फांदीवर जातात. टोपलीतलं अजून काठावर.

आज वाद झाला. फांदीवरच्या पिल्लांचा फोटो बरा आला आणि त्यात गळ्यावरची मधली रेघ ठळक दिसते. एका जुन्या पक्षीनिरीक्षकांनी तो पाहून बेसरा म्हटलं. शंका रास्त आहे, म्हणून तपशिलात गेलो. कोवळ्या शिक्र्याचा गळा आणि मोठ्या शिक्र्याचा गळा सारखे नसतात. पहिल्या पिसांत शिक्र्याच्या गळ्यावरही गडद रेघ असते, छातीवर तपकिरी थेंबांसारखे उभे फराटे असतात, तांबूस आडव्या रेघा मागाहून येतात. म्हणून पिल्लाच्या गळ्यावरून शिक्रा की बेसरा हे ठरवता येणार नाही. ते आईबापांच्या गळ्यावरून ठरतं. २४ एप्रिलचे नर-मादीचे फोटो पुढे ठेवले, दोघांच्याही गळ्यावर जेमतेम रेघ. त्यांनी दोन्ही मोठे करून पाहिले आणि मान्य केलं. पेन्सिलीतलं नाव शाईने लिहिलं.

याच फराट्यांमुळे पावशाचं कोवळं पिल्लूही शिक्र्याच्या पिल्लासारखं दिसतं. जूनमध्ये सातभाई एखाद्या फराटेवाल्या पक्ष्याला भरवताना दिसले तर गोंधळायचं नाही.

१७ मे

तिघंही उडाली. धाकटंही. पहिलं उड्डाण रेन ट्री ते सोनमोहर, उतरताना फांदी चुकून पानांत धडपड. कावळे मागे लागले, चार-पाच जण कलकलाट करत. मादी त्यांच्यात घुसली आणि ते पांगले. खारी खोडाला चिकटून चिरचिर करत होत्या, पूर्ण सकाळ.

३० मे

अजून भरवणं चालू आहे. पिल्लं सोनमोहरावर ओळीने बसून ओरडतात, नर आला की तिघंही त्याच्यावर तुटून पडतात. शिकार आता फाडून मिळत नाही, सबंध दिली जाते आणि ज्याच्या हाती लागेल तो पंखांनी झाकून खातो. हास्यसंघ जुन्या कट्ट्यावर परतला.

१२ जून

मोठं पिल्लू हिरवळीवर उतरून नाकतोडे पकडताना पाहिलं. दोन चुकले, एक पायात आला.

२० जून

गेला आठवडाभर नर-मादी शिकार आणताना दिसले नाहीत. पिल्लं वेगवेगळी दिसतात, एक टेकडीच्या बाजूला, एक बागेतच. घरट्याखाली नव्या शिटण्याच्या खुणा नाहीत.

नोंद पूर्ण केली. शिक्रा, एक जोडी, तीन पिल्लं, तिन्ही उडाली. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारखेप्रमाणे विणीचे संकेत भरले : एप्रिलच्या नोंदींना 'एनवाय', म्हणजे घरट्यात पिल्लं, १७ मे नंतर 'एफएल', म्हणजे नुकतीच उडालेली पिल्लं. जागा नेमकी न देता परिसरापुरती दिली. शिक्रा बरेचदा पुढच्या वर्षी नवं घरटं बांधतो, पण आसपासच. त्यामुळे फेब्रुवारीअखेर रेन ट्री, सोनमोहर आणि सिल्व्हर ओकची बेचकी पानं दाट व्हायच्या आत तपासायची.

छाटणीच्या मुकादमांना झाड मोकळं झाल्याचं कळवलं. ते येतील तेव्हा शिडीवरून टोपली उतरवून घ्यायची आहे. तिचा नायलॉनचा दोर फांदीच्या सालीत रुतायला लागला आहे.